योग्य गती की निजगती?

एका भाषांतरित लेखात ‘मंद ताऱ्यांची योग्य गती मोजणे’ (म्हणजे इंग्रजीतल्या ‘फेंट’ ताऱ्यांची ‘प्रॉपर मोशन’) असं वाचलं, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते यातले ‘मंद’ आणि ‘योग्य’ हे दोन्ही शब्द बदलायला हवेत.

आधी ‘योग्य’. ‘प्रॉपर मोशन’ म्हणजे ताऱ्याचं आकाशात स्वतःचं सरकणं. त्यातल्या ‘प्रॉपर’चा इथे उचित-अनुचिताशी काही संबंध नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘प्रोप्रिउस’चा अर्थ ‘स्वतःचा’. जर्मन लोक याच गतीला ‘आयगेनबेवेगुंग’ म्हणतात, त्यातलं ‘आयगेन’ही तेच सांगतं. खगोलावरच्या मराठी लेखनात यासाठी ‘निजगती’ आहे, आणि मला तो फार नेमका शब्द वाटतो. ‘निज’ आपल्याला पंचांगातून चांगला ओळखीचा आहे. २०२३ साली आधी अधिक श्रावण आला, मग निज श्रावण. मंगळागौर, नारळी पौर्णिमा सगळं निज श्रावणात, कारण खरा, स्वतःचा महिना तो.

ताऱ्याचंही तसंच. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे ताऱ्यांच्या जागा जिथून मोजतात तो आरंभबिंदू, वर्षाला सुमारे ५० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) मागे सरकतो आणि झाडून सगळ्या ताऱ्यांचे भोग, म्हणजे त्या बिंदूपासूनची अंतरं, बदलतात. ही चाल आपली, ताऱ्यांची नव्हे. ती वजा करून उरतं ते निज. १७१८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने व्याध, रोहिणी आणि स्वाती यांच्या जागा ग्रीकांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा ही वजाबाकी करूनही फरक उरलाच. स्वातीचा तारा वर्षाला सव्वादोन विकला सरकतो. म्हणजे साधारण ८०० वर्षांत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा.

आता ‘मंद’. मंद दिवा, मंद उजेड ठीक. पण शेजारी ‘गती’ आली की मंद म्हणजे हळू. शनीला ‘मंद’ म्हणतात ते त्याच्या चालीवरूनच. भुजंगधारी तारकासमूहातला बर्नार्डचा तारा घ्या. साडेनवव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही वर्षांच्या अंतराने काढलेले दोन फोटो आलटून पालटून पाहिले, की बाकीचे ठिपके जागच्या जागी आणि हा एकटा टुणकन उडी मारतो. वर्षाला १०.४ विकला! एडवर्ड बर्नार्ड यांनी १९१६ साली दाखवून दिलेली ही निजगती आजही सर्व ताऱ्यांत सर्वाधिक आहे, कारण तारा अवघ्या सहा प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचा वेगही मोठा आहे. त्याला ‘मंद’ कसं म्हणायचं? ‘फिकट’ही नको, तो रंगाकडे झुकतो आणि हा तारा तर तांबडा आहे. ‘अंधुक’ म्हणावं.

ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या युरोपच्या गाया यानाच्या २०२२च्या यादीत १४६ कोटींहून अधिक ताऱ्यांच्या निजगती आहेत आणि त्यांतले बहुतेक अतिशय अंधुक. त्यामुळे हे दोन शब्द यापुढे वारंवार लागणार.

तेव्हा ‘अंधुक ताऱ्यांची निजगती मोजणे’ असं लिहावं. समास केलात तर ‘निजगतिमापन’, त्यात ‘ति’ ऱ्हस्व.