हिमोग्लोबिन नॉर्मल, व्यायाम नियमित, तरी सारखी सर्दी आणि थकवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, आठवड्यातून तीनदा जिम, दोनदा पळणं, रविवारी सिंहगड. सकाळी साडेपाचला नुसती कॉफी घेऊन बाहेर पडता, पहिला घास साडेअकराला, संध्याकाळी सातनंतर तोंड बंद. जूनपासून पाचवी सर्दी, आणि दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात. विचारलंय, "इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?" काही घ्यायचं ते नंतर बघू, आधी जेवायचं बघा.

मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्द्या होतातच, आणि घरात बालवाडीतलं पोर असेल तर अजून एखाददुसरी. पण पाच जरा जास्तच झाल्या. तुमचा दिवस बघता माझा पहिला संशय असा की शरीराला लागतं तेवढं तुम्ही खातच नाही. व्यायामाचा खर्च वजा जाता उरतं ते कमी पडलं, की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी लांबते, थंडी जास्त वाजते, झोप उडते, दुखणी रेंगाळतात. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नावही दिलं. वजन उतरलेलं नसलं तरी हे होऊ शकतं, म्हणून चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमची पाळी वेळेवर येते का, हे लिहिलेलं नाहीत. ते आधी सांगा.

आता माझी गोष्ट. २०१७ ला मीही याच फेऱ्यात होते. आतकरवाडीतून गडावर मी न थांबता चढायचे. त्या पावसाळ्यात निम्म्या वाटेवरच ताकवालीपाशी बसकण मारायला लागले. पाय जड, कानात ठोके. ज्यांना दाखवलं त्यांनी हिमोग्लोबिन १२.४ बघून "छान आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणत परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करायला लावलं, ते आलं ९. म्हणजे गल्ल्यात रोजच्यापुरते पैसे, तिजोरी रिकामी. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं, तोवर रिपोर्ट नॉर्मलच दिसतो. पाळीतून लोह जातं, घामातून थोडं, आणि पळताना पाऊल आपटून काही तांबड्या पेशीही फुटतात.

वर माझा चहा! पळून आलं की पोहे आणि सोबत कडक चहा, वर्षानुवर्षं. पालेभाजी-डाळीतलं लोह आधीच जेमतेम शोषलं जातं, त्यात चहा-कॉफी मोडता घालते. चहा जेवणापासून तासभर लांब नेला आणि पोह्यांवर लिंबू सढळ हाताने पिळायला लागले. (ओल्या खोबऱ्याने लोह वाढतं असं सासूबाई अजून म्हणतात. मी वाद घालत नाही, खोबरं छानच लागतं.) गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच घेतल्या. पोट बिघडलं, पण तीन महिन्यांत फरक पडला. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. आणि सर्दी-ताप चालू असताना फेरिटिन तपासू नका, तेव्हा आकडा फुगलेला येतो.

फेरिटिनसाठी रक्त द्याल त्यातच बी१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. शाकाहारी असाल तर बी१२ आधी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये तसं सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

झोपेबद्दल एकच सांगते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. १६४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले होते. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीच्या आसपास निघाली. साडेअकराला झोपून पाचला उठत असाल तर तुमचा हिशेब तुम्हीच करा.

"पाचवी सर्दी" म्हणताय, त्यातल्या सगळ्या सर्द्याच होत्या का? ताप नाही, नाक-डोळे खाजतात, सकाळी शिंकांचा सपाटा, असं असेल तर ती अॅलर्जी असू शकते. सिंहगड रोडच्या धुळीत, गाड्यांच्या धुरात पळत असाल तर महिनाभर तळजाईच्या टेकडीवर पळून बघा. चिकनगुन्या-डेंगी होऊन गेला असेल तर थकवा कितीतरी आठवडे रेंगाळतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुन्या होऊन गेलेले माझ्या ओळखीतले काहीजण दिवाळीपर्यंत सांधे धरून बसले होते.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, रात्री घाम, आपोआप वजन उतरणं, छातीत दुखणं किंवा चढताना चक्कर, यातलं काहीही असेल तर इथे उत्तरांची वाट बघू नका, डॉक्टर गाठा. आणि अंगात ताप असताना "घाम काढला की बरं वाटतं" म्हणून पळायला जायचं नाही. विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूलाही येऊ शकते.

रिपोर्ट येईपर्यंत तीन आठवडे एवढं करा: निघण्याआधी एक केळं, आल्यावर अर्ध्या तासात दोन अंडी किंवा दही-पोळी, रात्रीचं जेवण परत सुरू. जिमचा एक दिवस गाळा, सिंहगड एक आड एक रविवारी. उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोजून वहीत लिहा. माझी एरवी ५८ असायची, आजारी पडायच्या आधी दोन-तीन दिवस ६६-६८ व्हायची. तुमची अशी वर गेली की त्या दिवशी बूट घालूच नका.

पाळीचं इथे लिहायला संकोच वाटत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.