तीन महिन्यांत इंग्रजी किती सुधारेल?

प्रश्न : मला इंग्रजी वाचलेलं समजतं, पण बोलताना अडखळायला होतं. तीन महिन्यांची रजा मिळते आहे. ब्रिटन किंवा आयर्लंडला जाऊन भाषेचा कोर्स केला तर सफाईदार बोलता येईल का? व्हिसा कोणता लागेल?

उत्तर : आधी तासांचा हिशेब करा. भाषा किती येते हे मोजायच्या युरोपीय पट्टीवर ए१ (अगदी नवशिके) ते सी२ (उत्तम प्रभुत्व) अशा सहा पातळ्या असतात आणि एक पातळी चढायला साधारण २०० तासांची शिकवणी धरतात. शाळेच्या माहितीपत्रकात 'आठवड्याला २० तासिका' असं लिहिलेलं असतं. तासिका ४५ मिनिटांची असेल तर ते १५च तास भरतात, म्हणजे बारा आठवड्यांत १८०. आज तुम्ही बी१वर, म्हणजे तिसऱ्या पातळीवर असाल तर चौथ्या, बी२च्या जवळ पोहोचाल. सफाई येईलच असं नाही, पण अडखळणं नक्की कमी होईल. व्याकरणाची उजळणी मात्र निघण्यापूर्वी घरीच उरका. तिथले महागडे तास काळ आणि क्रियापदांवर घालवणं आम्हाला पटत नाही.

पैसे भरण्यापूर्वी शाळेला लेखी विचारा : वर्गात जास्तीत जास्त किती जण? तुम्ही जाल त्या महिन्यात कोणत्या भाषांचे विद्यार्थी असतील? वर्गात निम्मे एकाच भाषेचे असले की मधल्या सुट्टीत तीच भाषा सुरू होते, आणि परदेशी जाण्याचा अर्धा फायदा तिथेच जातो. बऱ्याच शाळांत दर सोमवारी नवे विद्यार्थी येतात, त्यामुळे जुन्यांना तेच धडे पुन्हा करावे लागतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात असं जाणवलं तर गप्प बसू नका, पातळीची चाचणी पुन्हा घ्यायला सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये किशोरवयीन मुलांची गर्दी असते. जमलं तर ते महिने टाळा.

व्हिसाचं सांगायचं तर ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर व्हिसावर करता येतो, पण शाळा अधिकृत मान्यता असलेली हवी. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी कोर्ससाठी वेगळा अल्पमुदतीचा अभ्यास-व्हिसा आहे. दोन्हींवर नोकरी करता येत नाही. आयर्लंडमध्ये कामाची मुभा असते, पण ती सरकारी यादीतल्या किमान २५ आठवड्यांच्या कोर्सला. तीन महिन्यांत कमाई करून खर्च भागवण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या.

प्रश्न : राहायला स्वतंत्र खोली बरी की स्थानिक कुटुंबात?

उत्तर : निदान पहिले चार आठवडे कुटुंबात राहा, आणि रात्रीचं जेवण धरूनच बुकिंग करा. फक्त न्याहारी घेतलीत तर सकाळच्या घाईत 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणं होत नाही. त्या घरात तुमच्याच भाषेचा दुसरा विद्यार्थी नको, हे अर्जातच लिहा. शाळा ही विनंती सहसा मानतात.