लिफ्टजवळचं दिव्यांग पार्किंग आणि शेजाऱ्यांची दुसरी गाडी

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रकरण थोडक्यात सांगते. ठाण्यातली जुनी सोसायटी, तुमच्या मिस्टरांना लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांत कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या), आणि गाडी हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवता येईल अशी मॉडिफाय केलेली. दोन वर्षांपूर्वी जनरल बॉडीत ठरलं की स्टिल्टमधली, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधली, लिफ्टजवळची जागा त्यांच्यासाठी ठेवायची, खाली व्हीलचेअरचं चित्रही रंगवलं. आता पहिल्या मजल्यावरचे शेजारी तिथे आपली दुसरी गाडी लावतात. म्हणतात ही जागा आम्ही बिल्डरकडून विकत घेतलीय, आणि आमच्या आईलाही वॉकर लागतो. सेक्रेटरी म्हणतात तुम्ही आपसात मिटवा. तुमचा प्रश्न असा की तिथे साखळी लावून कुलूप घालू का, की सरळ पोलिसात जाऊ.

साखळी लावू नका. टायरची हवा काढणं, त्यांच्या गाडीमागे आपली आडवी लावणं हेही नको, कारण मग तक्रार ते करतील आणि आत्तापर्यंत सगळं बरोबर वागलेले तुम्ही उगाच बचावात जाल.

आता मुद्द्याचं. तुम्ही गेलं वर्षभर शेजाऱ्यांशी भांडताय, पण जागा देणं आणि ती मोकळी ठेवणं हे काम सोसायटीच्या कमिटीचं आहे. सेक्रेटरींचं आपसात मिटवा हे उत्तर कायद्यात बसत नाही. आणि इथेच तुमची बाजू थोडी कच्ची आहे, फरशीवरचं चित्र म्हणजे अलॉटमेंट नव्हे. तुमच्याकडे लेखी अलॉटमेंट लेटर आहे का? मेलमध्ये कुठेच उल्लेख नाही, म्हणजे बहुतेक नसावं. त्या जनरल बॉडीच्या मिनिट्सची सर्टिफाइड कॉपी लेखी अर्ज करून मागा, तो सभासदाचा हक्क आहे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. ठराव नेमका काय शब्दांत लिहिलाय त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, बऱ्याचदा नुसतं 'विचार करण्यात यावा' असं लिहून ठेवलेलं असतं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे. ही गोष्ट आधी सरळ करून घ्या. आपल्याकडच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, पार्किंग मिळतं ते सभासदाला, त्यामुळे उद्या कोणीही उठून म्हणेल की अर्ज करणारा सभासदच नाही. सासूबाईंच्या लेखी शिफारशीने मिस्टरांना सहयोगी सभासद करून घ्या, आणि तोवर सगळे अर्ज सासूबाईंच्या सहीने जाऊ द्या. सोबत यूडीआयडी कार्डची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) कॉपी, गाडीचं आरसी बुक आणि मॉडिफिकेशनचे कागद. आरसीवर मालकीच्या रकान्यात दिव्यांगजन अशी नोंद असेल तर उत्तमच.

बिल्डरच्या पावतीला घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की स्टिल्टमधलं आणि उघडं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा असते. तुमची बिल्डिंग रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) यायच्या बऱ्याच आधीची आहे, त्यामुळे हा निकाल तुम्हाला थेट उपयोगी पडेल. शेजाऱ्यांकडे पावती असेल तर ती कमिटीला लेखी सादर करू दे, तोंडी सांगण्याला किंमत नाही. शिवाय त्याच उपविधींत असंही आहे की एका सभासदाला साधारण एकच जागा, दुसऱ्या गाडीला जागा मिळते ती कोणी मागणारा उरला नसेल तर, आणि तीही वर्षावर्षाच्या बोलीने. त्यांची पहिली गाडी तर आधीच आत उभी असते ना.

तुम्ही फोटो पाठवलात त्यात एक गोष्ट आहे जी कमिटीला बहुतेक कळलेलीच नाही. त्या दिवशी शेजाऱ्यांची गाडी तुमच्या जागेत नव्हती, शेजारच्या जागेत होती, पण रेषेला इतकी चिकटून की मिस्टरांच्या बाजूचा दरवाजा अर्धाच उघडतोय. पाय धडधाकट असलेला माणूस त्या फटीतून तिरका होऊन निघेल, कॅलिपर घातलेल्या माणसाला मात्र आधी दोन्ही पाय हाताने उचलून बाहेर ठेवावे लागतात, मग दरवाजाला धरून उभं राहायचं, त्याला पूर्ण दरवाजा उघडावाच लागतो. म्हणूनच सार्वजनिक इमारतींसाठीच्या निकषांत दिव्यांगांच्या पार्किंगची रुंदी 3.6 मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचं अंतर जास्तीत जास्त 30 मीटर धरलंय. तुमच्या सोसायटीवर तो आकडा जसाच्या तसा बंधनकारक आहे असं मी म्हणत नाही, पण अर्जात तो लिहा, म्हणजे नुसती जागा नको, बाजूची मोकळी पट्टीही हवी हे ठरावात येईल. टेपने मोजून, टेप दिसेल असा फोटो जोडा.

आता कायदा कुठला लावायचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थेचं नाव आहे आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच धरलाय. लिफ्टजवळची एक जागा देणं ही वाजवी सोय आहे, त्यात सोसायटीचा खर्च रंगाच्या डब्याइतका. कमिटीला पंधरा दिवसांची मुदत देऊन हे सगळं लिहा. नाही हलले तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार, म्हणजे ते सोसायटीला उपविधी पाळायला सांगू शकतात, आणि सोबत पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज. आयुक्तांना चौकशी करताना दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, साक्षीदार आणि कागद बोलावता येतात, पण शेवटी ते शिफारस करतात, त्यामुळे तिथून ताबडतोब गाडी हटेल अशी अपेक्षा ठेवू नका. गाडी हटवायचा पक्का रस्ता म्हणजे सहकार न्यायालय, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली. तिथे शेजारी आणि सोसायटी दोघांनाही पार्टी करा आणि दाव्याबरोबरच अंतरिम आदेशाचा अर्ज लावा, नाहीतर निकाल लागेपर्यंत मिस्टर अर्ध्या दरवाजातूनच उतरत राहतील.

पोलिसांचं म्हणाल तर कंपाऊंडच्या आतलं पार्किंग ते सहसा हातात घेत नाहीत, ट्रॅफिकवाले टो करतात ते रस्त्यावरचं. पण तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यांनी वॉचमन आणि दोन पोरांसमोर मिस्टरांना 'लंगड्या' म्हटलं. हे वेगळं आहे आणि गंभीर आहे. लोकांसमोर दिव्यांग माणसाला हिणवायच्या हेतूने अपमान करणं हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 92 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तारीख, वेळ, कोण कोण होतं आत्ताच लिहून ठेवा, सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवायचं पत्र कमिटीला आजच द्या, काही दिवसांत ते पुसलं जातं. तक्रार करायची की नाही हे मात्र मिस्टरांना ठरवू दे. मेलमध्ये सगळं तुमचं म्हणणं आहे, त्यांचं नाही.

शेजाऱ्यांच्या आईचं काय? त्यांना वॉकर लागत असेल तर त्यांची गरजही खरी आहे, ती नाकारू नका. पण त्यांना लागतंय ते लिफ्टसमोर गाडी थांबवून उतरायला दहा मिनिटं. रात्रभर दुसरी गाडी तिथे ठेवणं हे आईसाठी नाही. कमिटीने लिफ्टसमोर चढण्या-उतरण्यापुरती एक पट्टी मोकळी ठेवावी असं तुम्हीच अर्जात सुचवा, बाकीचे सभासदही मग तुमच्या बाजूने बोलतील.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून विषय अजेंड्यावर घ्यायचं पत्र आत्ताच द्या आणि ठरावाचा मसुदा सोबत जोडा: 'लिफ्टलगतची जागा बाजूच्या मोकळ्या पट्टीसह अमुक सभासदास दिव्यांगत्वाच्या कारणास्तव, वार्षिक लॉटरीतून वगळून, गरज असेपर्यंत देण्यात येत आहे, तेथे इतर वाहन आढळल्यास नोटीस देऊन दंड आकारण्यात येईल.' मिनिट्सची कॉपी हातात आली की मला पाठवा, जुना ठराव कसा लिहिलाय ते बघून मसुद्यात काय बदलायचं ते सांगते.