तिसऱ्या महिन्यात निकाल लावू नकोस

फोंडा

प्रिय मित्रा,

चवथीला सोवळं नेसून उघड्या अंगाने पूजेला बसायचं, म्हणून गायनेकोमॅस्टियाचं (पुरुषाच्या छातीत वाढलेल्या स्तनाच्या गाठीचं) ऑपरेशन जुलैतच उरकू या, असं तू लिहिलंस. डाग राहील का, हेही विचारलंस. राहील. चीर कातडीच्या पूर्ण जाडीतून गेली की व्रण उरतोच. तो लपवायचा कुठे, यात सर्जनचं कसब. तुझ्या बाबतीत चीर बहुधा स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेने, अर्धचंद्रासारखी जाईल. तिथे कातडीचा रंग मुळातच बदलतो, त्यामुळे रेघ त्यात मुरते.

पण जुलै नको. टाके निघतात तेव्हा रेघ बारीक असते, सगळे खूश होतात. महिन्याभराने तीच लाल, जाड होते, खाजते. काही बिघडलं म्हणून नव्हे. शरीर तिथे गरजेपेक्षा जास्त कोलॅजन, म्हणजे कातडीला बांधून ठेवणारं प्रथिन, रचून ठेवतं आणि मग १२ ते १८ महिने ते उसवून नीट बसवत राहतं. दुसरा-तिसरा महिना दिसायला सर्वांत वाईट. म्हणजे तुझी चवथ नेमकी त्यातच येणार.

दुसरी अडचण प्रेशर वेस्टची, म्हणजे ऑपरेशननंतर छाती दाबून ठेवणाऱ्या घट्ट बनियनची. ती साधारण ४ ते ६ आठवडे रात्रंदिवस घालायची, आंघोळीपुरती काढायची. आपल्याकडच्या पावसात ती वाळत नाही आणि अर्धवट ओली घातली की घामोळं नाहीतर बुरशी येते. दोन घे, आलटून पालटून वापर. घालताना आरशात बघ: कापडाला चुणी पडली तर सुजलेल्या कातडीवर तशीच आडवी वळ उमटते. काखेपर्यंत हाताने सपाट कर, मगच हुक लाव.

सूज बहुतेक पहिल्या दीड महिन्यात उतरते, पण वर्तुळाखालचा टणकपणा दोन-तीन महिने लागतो. स्तनाग्र बधिर वाटणंही बहुधा हळूहळू कमी होतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणार नाहीत, आधीही नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात जखमेला मूळ कातडीच्या जेमतेम २०-३० टक्के ताकद असते आणि वर्षभरानेही ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणून जिममध्ये छातीचे व्यायाम ६ आठवडे बंद.

खपली पूर्ण पडली की सिलिकॉन जेल, दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर, वाळल्यावरच कपडा. किमान ३ महिने. सिलिकॉनची पट्टीही चालते, पण आपल्या घामात ती सुटते. आजीचं कोकमाचं तेल भेगांना उत्तम. उघड्या जखमेवर मात्र नको आणि व्रण त्याने जात नाही. समुद्रावर जाशील तेव्हा लक्षात ठेव, भिजलेल्या पातळ पांढऱ्या टी-शर्टातून ऊन आत येतं आणि कोवळा व्रण काळवंडतो. गडद, जाड कपडा घाल. सिगारेट ओढत असशील तर आधी ४ आणि नंतर ४ आठवडे एकही नको. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कडेची कातडी मरू शकते.

पहिल्या दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगून ताठ झाली, तर ती साधी सूज नसते, आत रक्त साचत असतं. सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच फोन कर.

व्रण जाड पण मूळ रेघेतच असेल तर वेळ दे. रेघ सोडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरू लागला तर तो केलॉइड. तेव्हा वर्षभर थांबायचं नाही. ट्रायॅम्सिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं लवकर सुरू झालेली बरी.

दिवाळीनंतरची तारीख घे. हवा कोरडी असते, वेस्ट सुसह्य होते आणि पुढच्या चवथीपर्यंत नऊ-दहा महिने मिळतात. तोवर लाली बरीच उतरलेली असेल. दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढ, रोज आरशात बघू नकोस.

आणि सर्जनला भेटशील तेव्हा कान टोचल्यावर घरात कुणाच्या पाळीला गाठ आली होती का, खांद्यावर लशीचा किंवा मुरुमांचा व्रण फुगलेला आहे का, हे आपणहून सांग. विचारलं नाही तरी सांग, कारण केलॉइडकडे कल आहे का ते त्यावरून कळतं.

तुझा,
काका