जाब नको, कागद मागा

या वेळी टपालात माहिती अधिकाराचीच पत्रं जास्त आली, पावसाळा तोंडावर आला की आपल्या वडोदऱ्यात असं होतंच. चार निवडलीत.

काका नमस्कार, निझामपुऱ्यात आमच्या सोसायटीच्या मागनं वरसादी कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचा नाला, जाते. 2024 च्या ऑगस्टमधे पूर आला तेव्हा तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. ऑफिसवाले म्हणतात कांस साफ केली होती. आम्ही माहिती अधिकारात विचारलं की वेळेवर साफ का नाही केली, तर उत्तर आलं की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. आता?

भाऊ, तुम्हाला राग येईल पण उत्तर नियमाला धरून आहे. 2005 चा कायदा तुम्हाला रेकॉर्डवर जे आहे ते देतो, साहेबाच्या डोक्यात काय होतं ते नाही. सुप्रीम कोर्टानं 2011 मधे सीबीएसईच्या केसमधे हेच सांगितलं, की मुलाला त्याची तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळेल पण जे ऑफिसकडे नाहीच ते नव्यानं तयार करून द्यायची सक्ती नाही. मी स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नोकरी काढलीये, 'का' ने सुरू होणारा अर्ज आला की आम्ही निवांत व्हायचो खरं सांगतो, दोन ओळींत निपटायचा.

म्हणून 'का' काढून टाका आणि कागद मागा. त्या वर्षी कांस साफ करायची वर्क ऑर्डर, टेंडरच्या अटी, कॉन्ट्रॅक्टरला दिलेलं बिल, गाळ किती ट्रक निघाला आणि कुठे टाकला त्याच्या नोंदी, आधीचे-नंतरचे फोटो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप पोथी, म्हणजे मेजरमेंट बुक, जिला सगळे एमबी म्हणतात. बिल निघतं ते तिच्यावरनं. लांबी, रुंदी, खोली, तारीख आणि ज्यानं मोजलं त्याची सही, सगळं तिच्यात असतं. रिटायर झाल्यावर एकदा मी आमच्याच गल्लीच्या फूटपाथची एमबी बघायला गेलो होतो (ऑफिसचं नाव राहू दे), 118 मीटरचा एकच तुकडा दोन पानांवर दोनदा मोजलेला, आणि दुसऱ्या पानावरची तारीख आधीच्या पानाच्याही आधीची! ज्यानं पोथी आणून दिली तो बिचारा माझ्याकडे न बघता पंख्याचं बटण शोधत बसला.

हो, बघायला जाता येतं बरं का. झेरॉक्सच मागायला पाहिजे असं काही नाही, कलम 2 मधेच लिहिलंय की काम, कागदपत्रं, रेकॉर्ड यांची पाहणी करता येते, टिपणं काढता येतात, मालाचे सॅम्पलही घेता येतात. मी तर म्हणेन आधी फाइल बघा आणि मग पाहिजे तेवढ्याच पानांची कॉपी मागा, नाहीतर चारशे पानांचं बिल येतं आणि माणूस गप्प बसतो. अर्ज गुजरातमधे 20 रुपयांचा, बीपीएल असाल तर फुकट. कशाला पाहिजे असं कोणी विचारलं तर सांगायची गरज नाही, कलम 6 मधे तसं स्पष्ट आहे.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर नंतर माहिती फुकट द्यावी लागते, हे फार कमी लोकांना माहितीये. मग पुढच्या 30 दिवसांत त्याच ऑफिसच्या वरच्या साहेबाकडे पहिलं अपील, तिथेही नाही जमलं तर 90 दिवसांत गांधीनगरला माहिती आयोगाकडे दुसरं. उशिराच्या दर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातनं जातो, पण तो आयोग लावतो, तुम्ही काउंटरवर धमकी देऊन काही होत नाही.

काका, मी दांडिया बाजारात राहते, वय 71. मला गुजराती बोलता येतं पण लिहिता नाही येत. अर्ज मराठीत चालेल का?

ताई, इथल्या ऑफिसात नाही चालणार. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं म्हटलंय, आपली मराठी वडोदऱ्याच्या गल्लीत कितीही बोलली जात असली तरी त्यात येत नाही. पण हिंदीत लिहा की, लिपी तीच आहे, शाळेतलं हिंदी पुरेसं होतं. आणि तेही नको असेल तर ऑफिसात जाऊन तोंडी सांगा, ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं कागदावर उतरवून द्यायला जाहेर माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची असते. तो कंटाळा करेल. तुम्ही खुर्चीत बसून राहा.

महानगरपालिकेच्या सभेत सामान्य माणसाला बसता येतं का? माझा मुलगा म्हणतो फक्त पत्रकारांना.

मुलाला सांगा, येतं. आपल्याकडच्या महानगरपालिकांना 1949 चा कायदा लागू आहे आणि त्याच्या नियमांप्रमाणे सामान्य सभा लोकांना खुली असते, हजर नगरसेवकांनी बहुमतानं ठराव करून एखाद्या विषयापुरती बंद केली तर गोष्ट वेगळी. बसायचं आणि ऐकायचं, मधे बोललात तर बाहेर काढायचा अधिकार अध्यक्षांना आहे. खंडेराव मार्केटच्या त्या जुन्या बिल्डिंगीत महानगरपालिका आहे, तिच्या पुढनं आपण भाजी घेऊन कितीदा जातो, वर कधी गेलोय का?

स्थायी समितीचं मात्र तसं नाही, आणि खर्चाचे बरेचसे निर्णय तिथेच होतात. तिथे बसता येत नसलं तरी ठराव आणि कार्यनोंध (बैठकीचं इतिवृत्त) हे रेकॉर्ड आहे, तारीख टाकून मागा. शिवाय माहिती अधिकाराच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक ऑफिसनं आपणहून जाहेर करायचं असतं की आपल्या कुठल्या समित्यांच्या बैठका खुल्या आहेत आणि कुणाची कार्यनोंध लोकांना मिळते. वेबसाइटवर ते पान बघा, नसेल तर तेच पान मागायचा अर्ज टाका, उत्तर वाचण्यासारखं असतं.

साताऱ्याकडे आमची वडिलोपार्जित जमीन आहे, फेरफारचे कागद इथनं कसे मागवू?

तिथे मराठी चालते, घ्या. महाराष्ट्रात फी 10 रुपये, पण अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसवायचा. गट नंबर आणि फेरफार नंबर आधी सातबाऱ्यावरनं बघून घ्या, नुसतं 'आमच्या जमिनीचे सगळे कागद' लिहिलंत तर तलाठ्याला 'माहिती सुस्पष्ट नाही' लिहून परत पाठवायला एक मिनिट पण लागत नाही.