ऑटिझमवरचं ‘उमेद देणारं’ आत्मकथन भेट देणार असाल तर

तुम्ही विचारलंय की बहिणीच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळलंय, ती खचलीय, तिला भेट द्यायला एखादं आत्मकथन सुचवा, शक्यतो मूल शेवटी बरं झालेलं.

बरं झालेलं नको. असंच एक पुस्तक मला भेट मिळालं होतं आणि त्यापायी माझी आणि माझ्या लेकाची दीड वर्षं गेली, म्हणून उत्तर लिहायला बसले.

लेक आता एकवीस वर्षांचा आहे. निदान २००७ साली झालं. आम्ही इचलकरंजीचे, थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा एसटीने कोल्हापूरला जायचो. मी शाळेत शिकवते. २००८च्या गणपतीत माझ्या थोरल्या नणंदबाई पुण्याहून आल्या आणि कॅथरीन मॉरिस या अमेरिकन आईचं ‘लेट मी हिअर युवर व्हॉइस’ हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं. १९९३ सालचं. पहिल्या पानावर निळ्या शाईत त्यांनी लिहिलं होतं, ‘तुलाही जमेल.’ त्या आईची मुलगी ऑटिस्टिक, मग धाकट्या मुलालाही तेच निदान. दोघांना एबीए पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक कृतीचे छोटे तुकडे करून, जमलं की बक्षीस देत शिकवलं आणि दोघंही त्यातून पूर्ण बाहेर आली, असं तिनं लिहिलंय. मी तिला खोटी म्हणत नाही.

त्याच संध्याकाळी आरतीला वीसेक माणसं होती. दोन टाळ, एक झांज, आणि पुतण्याच्या हातात घंटा. लेक पलंगाखाली कानांवर हात ठेवून बसला होता. नणंदबाईंनी त्याला ओढून बाहेर काढलं, त्याचे हात धरून टाळ्या वाजवायला लावल्या. ‘सुखकर्ता’ संपून ‘लवथवती’ सुरू झाली आणि तो किंचाळून त्यांच्या मनगटाला चावला. आरती थांबली. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आई दिवसभर बाहेर असली की पोरं अशीच होतात. त्या बाईनं पोरांसाठी जिवाचं रान केलं. तू किती वेळ देतेस?” माझे सासरे खाली बघत होते, नवरा निरांजन धरून उभा होता. कुणी एक शब्द बोललं नाही. मी लेकाला उचलून न्हाणीत नेलं, दार लावलं, नळ बारीक सोडला. मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत आम्ही तिथे ओल्या फरशीवर बसलो होतो. पाण्याच्या धारेखाली बोट धरलं की तो शांत व्हायचा.

मी काय केलं? रजा टाकली, बिनपगारी. वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. आठवड्याचे ४० तास. लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्याला बसवायचं, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचं, बघितलं की पेढ्याचा तुकडा. सहा महिन्यांनी तो बघायला लागला हे खरं आहे. आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला की तो न्हाणीत जाऊन आतून कडी लावायचा, हेही खरं आहे. दीड वर्षानं ती खुर्ची मी माळ्यावर टाकली.

हे ४० तास आले कुठून, ते मला पुष्कळ उशिरा समजलं. लोवास नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८७चा अभ्यास आहे. १९ मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं, त्यातली ९ नेहमीच्या शाळेत इतर मुलांसारखी शिकू लागली, असं त्यात म्हटलंय. उरलेल्या १० मुलांच्या आयांची पुस्तकं मला कुणी भेट दिली नाहीत.

मला खरा आधार टेंपल ग्रँडिननं दिला. ती स्वतः ऑटिस्टिक आहे, अमेरिकेत पशुविज्ञानाची प्राध्यापक. तिचं ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ १९९५चं. कोल्हापूरच्या स्पीच थेरपिस्टनं मला त्याची झेरॉक्स दिली होती. लहानपणी मोठे आवाज आपल्याला कसे वाटायचे ते ती सांगते: दाताच्या डॉक्टरचं ड्रिल नसेला लागावं तसे. मला ती झांज आठवली. त्या रात्री मी लेकाच्या शेजारी जाऊन झोपले आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

पुढच्या गणपतीत मी झांज, टाळ, घंटा कपाटात कुलूपबंद केलं. हळू आवाजात आरती. तो उंबऱ्यापर्यंत आला. तिसऱ्या वर्षापासून २१ दुर्वांची जुडी तोच बांधतो, एक जास्त नाही की कमी नाही. ‘झांजेशिवाय आरती म्हणजे मेल्या घरासारखं’ म्हणत नणंदबाई दिवाळीपर्यंत बोलल्या नव्हत्या. आजही त्यांना वाटतं मी नोकरी सोडली असती तर पोरगा बरा झाला असता.

त्यांनी ब्रुनो बेटलहाइमचं नाव ऐकलं नसेल. आईच्या थंडपणामुळे मूल ऑटिस्टिक होतं असं जगाला सांगणारा हा माणूस, त्याचं पुस्तक १९६७ सालचं. त्याच साली क्लारा क्लेबॉर्न पार्क या आईचं ‘द सीज’ आलं. डॉक्टर आयांना गुन्हेगार ठरवत होते त्या काळात तिनं आपल्या मुलीचं वागणं बारकाईनं टिपून ठेवलं. मग २००१ साली दुसरं पुस्तक लिहिलं, तोवर मुलगी चाळिशी ओलांडलेली. ती बरी झाली नव्हती. कॉलेजच्या टपालखोलीत काम करत होती, सुंदर चित्रं काढत होती, आईवडिलांकडे राहत होती. मला उमेद या पुस्तकानं आली, कारण यात चाळिशीतली बाई होती. सगळे साडेतीन वर्षांच्या पोराबद्दल बोलतात, चाळिशीबद्दल कुणी बोलत नाही.

तेव्हा नाव हवंच असेल तर आधी ग्रँडिन, मग पार्क. पालकांच्या पुस्तकातून पालक कळतो, मूल कळेलच असं नाही.

थेरपी सोडा असं मी म्हणत नाही, हे बहिणीला नीट सांगा. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून दिलेली) लवकर सुरू झाल्याचा फायदा होतो, माझ्याही लेकाला झाला. एबीएसुद्धा आता पुष्कळ ठिकाणी खेळातून शिकवतात. ग्रँडिन बोलते, पीएचडी झालेली आहे, भाचा तसा असेल असं धरून चालू नका. आणि आपल्याकडच्या तितो मुखोपाध्याय या फारसं न बोलणाऱ्या ऑटिस्टिक लेखकाची पुस्तकं कुणीतरी सुचवेलच. भाषा फार सुंदर आहे, पण त्याच्या आईनं काढलेली लिहायला शिकवण्याची पद्धत वापरू नये असं अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलंय, कारण शब्द मुलाचे की मदतनिसाचे हे ठरवता येत नाही.

पुस्तक देताना दोन-तीन तास भाच्याजवळ थांबा, बहिणीला झोपू द्या. आणि पहिल्या पानावर काहीही लिहू नका.