'द लॅव्हेंडर हिल मॉब' (1951) आज बघण्यासारखा आहे का?

हो, डोक्याला ताप नको असेल तेव्हा जरूर बघा. चित्रपट कृष्णधवल आहे आणि जेमतेम 80 मिनिटांचा. अभिनेता अ‍ॅलेक गिनेसने साकारलेला पापभीरू बँक कारकून वर्षानुवर्षे सोन्याच्या विटांची ने-आण सांभाळतो आणि शेवटी त्यांवरच डल्ला मारतो. चोरलेलं सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती ओतायच्या आणि स्मरणवस्तू म्हणून पॅरिसला धाडायच्या, असा बेत. घोळ तिथेच होतो: सोन्याच्या सहा प्रतिकृती चुकून इंग्लिश शाळकरी मुलींना विकल्या जातात! मग टॉवरच्या गोल जिन्यावरून गरगरत उतरणारी धावपळ. पैसे तिथेच वसूल. पटकथेला ऑस्कर मिळालं होतं. खदखदून हसवणारा नाही, गालातल्या गालात हसवणारा. सुरुवातीला ऑड्री हेपबर्न क्षणभर दिसते, डोळे उघडे ठेवा.